गावात सौर पथदिवे: पर्यावरणाचा फायदा खरंच किती?

भीमाकाठ
नमस्कार मंडळी. मी आमच्या ग्रामपंचायतीत सदस्य आहे. शिरूर तालुक्यातलं नदीकाठचं गाव, चारी बाजूंनी ऊस. यंदाच्या आराखड्यात वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून पथदिव्यांसाठी रक्कम धरलीये आणि लवकरच ग्रामसभेपुढे विषय ठेवायचाय. दोन प्रस्ताव आहेत. पहिला, गावठाण आणि वस्त्या मिळून ६० सौर दिवे, प्रत्येकाचा स्वतंत्र खांब, पॅनेल, बॅटरी. दुसरा, विजेच्या जुन्या खांबांवरचे सोडियमचे दिवे काढून तिथं साधे एलईडी बसवायचे, वीज आहे तीच.

बहुतेकांचा कल सौरकडे आहे. बिल येणार नाही, राज्याच्या माझी वसुंधरा अभियानात अग्नी तत्त्वाचे, म्हणजे ऊर्जेचे, गुण मिळतील, आणि गावाच्या कमानीवर पर्यावरणपूरक गाव असं लिहिता येईल असं सगळे म्हणतात. मला कमानीवर काय लिहायचं यापेक्षा खरं काय ते कळायला हवंय. कारण मागच्या पंचवार्षिकमधले सौर दिवे आजही उभे आहेत, म्हणजे खांब उभे आहेत, निम्म्यांच्या बॅटऱ्या चोरीला गेल्या आणि बाकीच्या संपल्या. त्या संपलेल्या बॅटऱ्या ग्रामपंचायतीच्या खोलीत पडून आहेत. पैशाचा हिशोब आम्ही बघू, पण पर्यावरणाच्या बाजूनं यात फायदा किती आणि तोटा काय, हे अनुभव असलेल्यांनी सांगा.

सदाफुली
लावा हो, विचार कसला करताय. सूर्य फुकट आहे. आमच्या कॉलनीतले तीन वर्षं झाली व्यवस्थित चालू आहेत.

तारमिस्त्री
भीमाकाठ दादा, मी वायरमन आहे, सातारा भागात सौर दिवे बसवायची आणि दुरुस्तीची कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सौर दिवा वाईट नसतो, वाईट असतं ते त्याचं माप. १२ वॅटचा दिवा रात्री ११ तास चालला की १३२ वॅट-अवर लागतात. ४० वॅटचं पॅनेल आणि १२.८ व्होल्ट ३० अँपिअर-अवरची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी असेल तर बॅटरीत पावणेचारशेच्या आसपास साठतात, म्हणजे ऊन पडलं नाही तरी दोन रात्री निघतात, तिसरी ओढून ताणून. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात दरपत्रकात दिवा २० वॅटचा लिहितात कारण उजेड जास्त दिसला की लोक खूश, आणि पॅनेल बॅटरी मात्र तेवढीच ठेवतात. मग बॅटरी रोज तळाला जाते आणि दोन वर्षांत मरते. लोक म्हणतात सौर बोगस. अहो सौरचा काय दोष.

दुसरं म्हणजे पॅनेल. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून आपल्याकडं साधारण १८-२० अंशात पाहिजे. मी असे खांब बघितलेत की ज्यांचं पॅनेल रस्त्याच्या दिशेनं म्हणून उत्तरेकडं वळवलंय, आणि असेही की ज्यांच्या डोक्यावर वडाची फांदी आहे. तुमच्या भागात कारखाना असेल तर गाळपाच्या दिवसांत चिमणीतली काळी राख पॅनेलवर बसते. ती कोण पुसणार? शिडी लावून खांबावर चढायचं म्हणजे माणूस लागतो. ग्रामपंचायतीत तो माणूस नेमलेला नसेल तर पुढचं काही विचारूच नका.

माळावरचा
जुन्या काळी कंदील बरा होता, काच पुसायला शिडी लागत नव्हती :)

हिशेबनीस
धागाकर्त्यांनी नेमका प्रश्न विचारलाय, आवडलं. मी ऊर्जा लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात काम करतो त्यामुळे आकडे मांडतो, कुणाला चुकीचे वाटले तर जरूर सांगा.

सोडियमचा ७० वॅटचा दिवा चोकसकट ८० वॅटच्या आसपास खातो. रात्री ११ तास धरले तर वर्षाला ३२० युनिट. त्याच जागी १२ वॅटचा एलईडी लावला तर ४८ युनिट. म्हणजे नुसता दिवा बदलला, वीज तीच ठेवली, तरी ८५ टक्के वीज वाचली. आपल्या देशाच्या ग्रिडमधून, म्हणजे वीजजाळ्यातून, एक युनिट वीज वापरली की सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. म्हणजे सोडियमचा दिवा वर्षाला २२५ किलो, एलईडी ३४ किलो.

आता तोच एलईडी सौरवर नेला तर अजून किती वाचणार? फक्त ते उरलेले ३४ किलो. आणि ते वाचवण्यासाठी आपण नवीन काय आणतोय ते बघा. लोखंडी खांब ५० किलोचा धरा, आपल्याकडं एक किलो पोलाद बनवताना अडीच किलोच्या घरात कार्बन डायऑक्साईड निघतो, म्हणजे खांबाचे सव्वाशे किलो. त्यावर गॅल्व्हनायझिंग, पायातलं काँक्रीट, पॅनेल, बॅटरी. नुसता खांब फिटायलाच साडेतीन वर्षं लागतात आणि तेवढ्यात बॅटरी बदलायची वेळ येते, साधी लेड-अॅसिड असेल तर नक्कीच. पॅनेलचं तसं नाही हं, सिलिकॉनचं पॅनेल बनवायला लागलेली ऊर्जा आपल्या उन्हात ते वर्ष-दीड वर्षात परत देतं आणि पुढं पंचवीस वर्षं चालतं. अडचण पॅनेलची नाहीच, खांब आणि बॅटरीची आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जिथं विजेचा खांब आधीपासून उभा आहे तिथं साधा एलईडी लावा. केंद्राच्या २०१५ च्या पथदिवे कार्यक्रमात देशभर सव्वा कोटीहून जास्त दिवे असेच बदलले गेले, तिथं सौर नव्हतं, नुसती दिव्यांची अदलाबदल होती, आणि पर्यावरणाचा मोठा फायदा तिथंच झाला.

सदाफुली
@हिशेबनीस, आकडे पटले पण सगळं किलोत मोजता येतं का? तुम्ही ग्रिडची वीज म्हणताय, ती असायला तर हवी ना. कितीतरी गावांत पथदिव्यांचं बिल थकलं की वीज तोडतात. २०२१ मध्ये तर किती सरपंच रस्त्यावर आले होते यावरून. दिवा एलईडी असो की सोनेरी, वीजच तोडली तर अंधारच.

दर्याकाठी
सदाफुली यांना अनुमोदन. दापोलीजवळचं गाव आमचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि खांबच्या खांब आडवे झाले. आमच्या वाडीत कित्येक आठवडे वीज नव्हती. झाडं रस्त्यावर, कौलं उडालेली, आणि देवळासमोर आणि शाळेसमोर असे दोन सौर दिवे तेवढे वाचलेले. संध्याकाळी सगळी वाडी तिथं जमायची, कंट्रोलरला वायर जोडून कुणीतरी मोबाईल चार्ज करायची सोय केली होती. त्या दिव्यांनी किती किलो कार्बन वाचवला ते मला नाही माहीत, पण वादळं काही कमी होणार नाहीत, लगेच पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलंच. हवामान बदलतंय त्यात तग धरणं हाही पर्यावरणाचाच विषय ना?

मात्र एक कबूल करायला हवं, जुलैत ते दिवे नावालाच लागतात. आठ आठ दिवस ऊन नाही. रात्री दहापर्यंत मिणमिणतात आणि विझतात. आणि खारं वारं नटबोल्ट खातं ते वेगळंच.

ऊसवाला
भीमाकाठ, आपल्याच भागातला आहे मी. बाकी सगळं ठीक पण बिबट्याचं काय ते सांगा ह्या लोकांना. आमच्याकडं रातच्याला थ्री फेज आली की पाणी धरायला बाप्या-बायांनी शेतात जायचं. वस्तीवर पोरं अंगणात खेळत्यात. घोणस आन मण्यार ह्यांचा तर सुमारच नाय. आम्हाला उजेड पायजे. सौर द्या नायतर वीज द्या, पण वस्तीवर द्या. गावठाणात हायेतच की दिवे.

हिशेबनीस
ऊसवाला, तुमच्या वस्तीपर्यंत पथदिव्याची लाईन आहे का?

ऊसवाला
कुठली. डीपी, म्हंजी ट्रान्सफॉर्मर, ऊसात, तिथून शेतीची लाईन. पथदिव्याची वायर गावठाणाच्या वेशीपातुर, तिथून आमची वस्ती दीड-दोन किलोमीटर.

हिशेबनीस
मग तुमच्याकडं सौरच. दोन किलोमीटर खांब आणि तार ओढून पाच दिवे लावण्यात लोखंड आणि अॅल्युमिनियम कितीतरी जास्त जाईल. वरचा माझा हिशेब जिथं तार आधीच पोचलीये तिथला आहे.

हिरडा_बेहडा
मी अकोले तालुक्यात शिक्षिका आहे, भंडारदऱ्याच्या बाजूला. आतापर्यंत सगळे वीज आणि कार्बनवर बोलले. मला खुद्द उजेडाबद्दल बोलायचंय, कारण दिवा सौर असो की विजेचा, उजेडाचा त्रास तोच.

आमच्याकडे मे अखेरीला आणि जूनच्या सुरुवातीला काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं लुकलुकतात, तुमच्यापैकी कित्येकजण बघायला आलेही असतील. काजव्याचं ते लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला दिलेली खूण. नर उडताना चमकतो, पानावर किंवा गवतात बसलेली मादी उत्तर देते. शेजारी पांढराफेक दिवा लागला की ती खूण दिसतच नाही. अळी कित्येक महिने जमिनीत आणि पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढते आणि प्रौढ काजव्याला मिळतात जेमतेम काही आठवडे. तेवढ्यात जोडीदार सापडला नाही तर पुढच्या वर्षी अळी कुठून येणार?

आमच्या एका वाडीच्या रस्त्याला सौर दिवे लागले. पर्यटकांच्या गाड्यांसाठी. त्या उताराच्या झाडांवर पूर्वी जे दिसायचं ते आता दिसत नाही, दिव्यांच्या पलीकडच्या दरीत मात्र अजून आहे. मुलं स्वतः येऊन सांगतात, बाई तिकडं नाही, इकडं बघा. सौर म्हटलं की पर्यावरणाचं काम झालं असं धरून चालतात आणि जिथं विजेची तार पोचली नव्हती म्हणून अंधार टिकून होता, नेमका तिथंच सौर दिवा सहज पोचतो. हा मला सगळ्यात मोठा तोटा वाटतो आणि त्याचा उल्लेख कुठल्याच प्रस्तावात नसतो.

ऊसवाला
बाई तुमचं खरंय पण काजव्यासाठी माणसानं अंधारात साप तुडवायचा का?

हिरडा_बेहडा
मुळीच नाही दादा. आमच्या वाडीतही बाळंतपणाला रात्री जीप येते, मुली क्लासवरून उशिरा येतात. दिवा नको असं मी म्हणतच नाहीये. दिवा कुठं, कुठल्या रंगाचा, किती वेळ आणि तोंड कुठं करून, एवढं विचारतेय. निर्मनुष्य घाटाला रात्रभर सहा हजार केल्व्हिनचा (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरा झोत कशाला? आणि बिबट्या उजेडाला घाबरून निघून जातो यावर फार भरवसा ठेवू नका. विद्या अत्रेय यांनी आमच्या अकोले भागातच बिबट्यांचा अभ्यास केलाय, माणसं झोपल्यावर तो घरांच्या अगदी जवळून जातो, माणसांच्या वस्तीतच राहायला शिकलाय. उजेडाचा उपयोग आपल्याला तो दिसावा म्हणून. त्यासाठी अंगण आणि गोठ्याची वाट उजळली की पुरे.

वऱ्हाडी_ठेचा
बाई बोलल्या ते काजव्याचं, आमच्या इकडं सोयाबीनचं आहे न भाऊ. वाशीम जिल्हा. रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन हिरवंगार राहते, फुलं उशिरा, शेंगा उशिरा. बाकीचं वावर पिवळं पडून कापणीला येते आन दिव्याखालचा गोल पट्टा हिरवाच. सोयाबीनले रात्र मोठी झाली की फूल धरायचं कळते, दिव्यानं त्याले रात्रच समजत नाही. पंचायतीले सांगितलं तं म्हणे दिवा बंद नाही होत, आपोआप लागते. काही लोकं त्याले पोतं बांधून राहिले :)

तारमिस्त्री
पोतं :) भाऊ, पोतं नको, तापतं ते. दिव्याला मागच्या बाजूनं पत्र्याची झडप लावता येते, शेताकडचा उजेड अडतो, रस्त्यावर पडतो तेवढाच पडतो.

फुलशेती_तळेगाव
वऱ्हाडी भाऊंचं शंभर टक्के बरोबर. आम्ही पॉलीहाऊसमध्ये शेवंतीला रात्री मुद्दाम दिवे लावतो, फुलं लांबवायला, आणि फुलं हवीत तेव्हा काळा कागद ओढून रात्र मोठी करतो. झाडाला उजेड कळतो. रस्त्याचा दिवा हेच काम न विचारता करतो.

रसायन_मास्तर
मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून धागाकर्त्यांच्या पहिल्या पोस्टमधल्या एका वाक्यावर येतो. "संपलेल्या बॅटऱ्या ग्रामपंचायतीच्या खोलीत पडून आहेत." त्या बहुधा लेड-अॅसिड असणार. जुन्या सौर दिव्यांना ७५ अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी असायची, वजन पंचवीस किलोच्या आसपास, त्यात निम्म्याहून जास्त शिसं आणि बाकी गंधकाम्ल. खोलीत पडून आहेत हे एका अर्थी बरं आहे, त्या अजून भंगारात गेल्या नाहीत.

भंगारात गेल्यावर काय होतं ते सांगतो. शिशाला भाव असल्यामुळे बॅटरी कुणी फेकत नाही. पण स्वस्तातल्या भट्टीवाल्याकडे ती कुऱ्हाडीने फोडतात, आम्ल नाल्यात ओततात आणि आतल्या शिशाच्या जाळ्या उघड्या भट्टीत वितळवतात. शिशाचा धूर आसपासच्या मातीत बसतो, मातीतून मुलांच्या हातात, हातातून पोटात. मुलांच्या मेंदूला शिशाची सुरक्षित अशी मात्राच नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालात जगात ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण धोक्याच्या पातळीवर असल्याचं म्हटलंय आणि त्यात भारतातली मुलं सगळ्यात जास्त आहेत. अशा जुन्या बॅटऱ्यांचं बेकायदा वितळवणं हे त्याचं एक मोठं कारण.

६० दिव्यांना लेड-अॅसिड लावली तर गावात पाऊण-एक टन शिसं येतं आणि चार-पाच वर्षांनी ते सगळं बाहेर पडतं. ३४ किलो कार्बन एका पारड्यात ठेवून हे दुसऱ्या पारड्यात ठेवा आणि मग ठरवा.

सदाफुली
बाप रे. हे कुणीच सांगत नाही. पण मास्तर, हल्ली लिथियमच देतात ना?

रसायन_मास्तर
देतात, आणि शिशापेक्षा ते नक्कीच बरं. लिथियम फेरो फॉस्फेटमध्ये शिसं नाही, कोबाल्ट नाही, निकेल नाही. आयुष्यही जास्त. पण त्यात भाव मिळण्यासारखा धातूच नसल्यामुळे भंगारवाला ती घ्यायला तयार नसतो, मग ती उकिरड्यावर जाते. कायदा आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे बॅटरी विकणाऱ्या उत्पादकानेच ती परत गोळा करायची आणि नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे पोचवायची. पॅनेलसुद्धा २०२२ च्या ई-कचरा नियमांत आलंय, १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहेत. पण नियम मुंबई-दिल्लीत आणि बॅटरी शिरूर तालुक्यात, मधला रस्ता ग्रामपंचायतीलाच काढावा लागतो. खरेदीच्या अटींतच लिहा की बदललेली प्रत्येक बॅटरी पुरवठादार परत नेईल आणि पावती देईल. नंतर मागून कुणी येत नाही.

पिंपळपार
वाचतोय. उत्तम धागा.

सातपुडा_डॉक्टर
मी धडगाव भागात काही वर्षं काम केलं. वरचं सगळं वाचून एक भीती वाटली की सौर दिवा म्हणजे तोटाच असं कुणी घेऊन जाईल. सातपुड्यातले पाडे डोंगराच्या सोंडांवर विखुरलेले, एका पाड्यापासून दुसरा पाडा दरी उतरून चढून. तिथं तार पोचली तरी पावसात पहिला वारा आला की गेलीच. आरोग्य उपकेंद्राच्या दारात एक सौर दिवा असला तर झोळीतून आणलेली बाई कुठं ठेवायची ते दिसतं. त्याआधी तिथं काय होतं? रॉकेलची चिमणी. रॉकेलच्या धुराने घरातल्या लेकरांच्या छातीचं काय होतं ते मी रोज बघत होतो. पथदिवा घरातल्या चिमणीची जागा घेत नाही, मान्य, पण त्याच्याखाली बसून मुलं अभ्यास करताना मी पाहिलीयेत.

तिथल्या दिव्यांचा शत्रू बॅटरी-चोर नव्हता, दुरुस्तीला माणूस नसणं हा होता. एक छोटा फ्यूज गेला की दिवा कायमचा बंद. मग आश्रमशाळेतल्या दोन मोठ्या मुलांना आम्ही मीटर कसा धरायचा आणि फ्यूज कसा बदलायचा ते शिकवून घेतलं, तेव्हापासून त्या पट्ट्यातले दिवे टिकले.

नागपुरी_संत्री
हिरडा_बेहडा ताईंच्या मुद्द्यावर आमच्याकडचं एक चांगलं उदाहरण देतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या बाजूच्या पेंचला, जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली, देशातला पहिला. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा अशा जंगलालगतच्या गावांतले शंभरेक दिवे बदलले, उजेड खाली जमिनीवरच पडेल असे बसवले. गावं अंधारात नाही टाकली. लोकं चालतात फिरतात, आणि वर आकाशगंगा दिसते. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं बाप्पा.

निनाद_डच
नागपुरी_संत्री +१. मी नेदरलँड्समध्ये राहतो, इथं न्यूकोप म्हणून एक गाव आहे, तिथं एका वसाहतीत २०१८ पासून रस्त्यावर लाल एलईडी लावलेत, वटवाघळांसाठी. तांबडा उजेड त्यांना फारसा जाणवत नाही. माणसांना रस्ता दिसतो. पहिल्यांदा बघताना विचित्र वाटतं, पण सवय होते.

माळावरचा
आमच्या गावात लाल दिवा लावला तर सगळ्यांना वाटेल आमदार आले :)

दर्याकाठी
लाल नाही तरी पिवळसर तरी. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर येतात, वेळास, आंजर्ले, गुहागर. अंड्यातून निघालेलं पिल्लू जिकडं क्षितिज उजळ दिसतं तिकडं धावतं. पूर्वी तो उजेड फक्त समुद्रावरचा असायचा. आता किनाऱ्यालगत पांढरे दिवे लागले की पिल्लू उलट गावाकडं चालू लागतं. म्हणून हंगामात किनाऱ्यावर दिवे बंद ठेवायला सांगावं लागतं, आणि सौर दिव्याला बटणच नसतं, संध्याकाळ झाली की तो लागतोच.

तारमिस्त्री
बटण नाही असं नाही, ठेवत नाहीत. आता ह्या धाग्यातलं सगळं कामाच्या भाषेत आणतो, भीमाकाठ दादांना ठरावात लिहायला उपयोग होईल. रंग ३००० केल्व्हिन किंवा त्याहून कमी, म्हणजे पिवळसर. दिवा आडवा सपाट, वाकवून वर झोत मारणारा नाही. कंट्रोलर असा की रात्री दहा-अकरानंतर उजेड तीस टक्क्यांवर येईल आणि खालून माणूस किंवा गाडी गेली की पूर्ण लागेल, ह्याला सेन्सर लागतो आणि तो मिळतो. ह्यानं दोन गोष्टी साधतात, किडे काजवे वाचतात आणि बॅटरीवरचा भार निम्म्याच्या आसपास येतो, म्हणजे कोकणातसुद्धा जुलै निघू शकतो. बॅटरी लिथियम फेरो फॉस्फेटच, आणि पॅनेलच्या थेट खाली पत्र्याच्या डब्यात कोंडलेली नको, तिथं उन्हाळ्यात भट्टी होते, उष्णतेनं बॅटरी जेवढी मरते तेवढी वापरानं नाही मरत. पाच वर्षांची देखभाल करारात, आणि बिलाचा काही भाग देखभालीवर राखून ठेवा. जो ठेकेदार ह्या अटीला नाही म्हणेल त्याला घ्यायचंच नाही.

सदाफुली
एक वेगळाच विचार. प्रत्येक खांबावर पॅनेल कशाला? सगळं एकाच जागी का नाही? पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं, तिथं घरं, पथदिवे, पाणीपुरवठा सगळं सौरवर आहे. ग्रामपंचायतीच्या छतावर पॅनेल टाकून वीज ग्रिडला दिली आणि रात्री पथदिव्यांना तिथूनच घेतली तर बॅटरीच नको ना?

हिशेबनीस
सदाफुली, याहून चांगला मुद्दा या धाग्यात आला नाही. भीमाकाठ यांचे ६० दिवे १२ वॅटचे धरले तर वर्षाला २,९०० युनिटच्या आसपास वीज लागते. दोन-अडीच किलोवॅटचं छतावरचं पॅनेल तेवढी वीज आरामात देतं. बॅटरी नाही, शिसं नाही, शिडी नाही, धूळ पुसायला शिपाई दादा छतावर जाऊ शकतात. दिवसा वीज जाते, रात्री येते, मीटरवर वजाबाकी. या वजाबाकीचे, म्हणजे नेट मीटरिंगचे, नियम पथदिव्यांच्या जोडणीला कसे लागू होतात ते तुमच्या उपविभागीय कार्यालयात लेखी विचारून घ्या, तिथं तोंडी उत्तरावर राहू नका. उणीव एकच, वादळात ग्रिड गेली की हेही गेलं. त्यासाठी दर्याकाठी म्हणाले तसे शाळा, दवाखाना, स्मशानभूमी अशा ठिकाणी मोजके बॅटरीवाले दिवे ठेवायचे.

ऊसवाला
आन वस्त्या.

हिशेबनीस
आणि वस्त्या, अर्थातच.

भीमाकाठ
मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. परवा आमची मासिक सभा झाली, त्यात हा धागा मी जवळजवळ वाचूनच दाखवला. खूप वाद झाला. एका ज्येष्ठ सदस्यांचं म्हणणं होतं की लोकांना चकचकीत पांढरा उजेड हवा, पिवळा दिवा जुनाट दिसतो, मतदार नाराज होतील. उपसरपंच ताईंनी त्यांना विचारलं की तुमच्या घरासमोरचा सौर दिवा बंद पडून किती दिवस झाले, तेव्हा कुणी नाराज झालं का. त्यावर सभेत जरा शांतता झाली.

आता ग्रामसभेपुढे जे नेणार आहोत ते असं. गावठाणात जिथं तार आहे तिथं जुन्याच खांबावर ३००० केल्व्हिनचे एलईडी, सौर नाही. कार्यालयाच्या आणि शाळेच्या छतावर पॅनेल टाकता येईल का याचं अंदाजपत्रक स्वतंत्र मागवतोय. वस्त्या, स्मशानभूमी आणि नदीकडचा रस्ता इथं सौर, सेन्सरवाले. जुने सौर खांब चांगले आहेत, गंजलेले नाहीत, तेच वस्त्यांवर हलवून नवीन दिवे त्यांच्यावर बसवायचे, म्हणजे हिशेबनीस यांचे सव्वाशे किलो वाचले. नदीकडच्या रस्त्याला दिवे किती लावायचे यावर अजून एकमत नाही. तिथं वडाच्या झाडांवर वटवाघळांची मोठी वस्ती आहे आणि बायका पहाटे अंधारातच त्या रस्त्याने कामाला जातात. माझा आग्रह आहे की दिवे लावायचे पण खांबाची उंची कमी ठेवून आणि झाडांच्या बाजूला झडप लावून. त्या खांबाची उंची किती ठेवावी, तारमिस्त्री?

आणि रसायन_मास्तर, त्या खोलीतल्या बॅटऱ्यांचं करायचं काय? भंगारवाला रोज फेऱ्या मारतोय, भावही चांगला सांगतोय, सदस्यांना वाटतंय देऊन टाकू, तेवढेच ग्रामनिधीला पैसे. मी थांबवलंय.

तारमिस्त्री
चार मीटर ठेवा. त्याहून खाली गेलात तर पोरं दगड मारून फोडत्यात, वर गेलात तर उजेड झाडात शिरतो. अंतर जरा कमी घ्यावं लागेल, वीस मीटरच्या आत. दिवा मात्र ७-८ वॅटचाच पुरतो त्या उंचीवर.

रसायन_मास्तर
थांबवलंत हे फार चांगलं केलंत. भंगारवाल्याकडं नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बॅटरी पोर्टलवर असते, त्यातल्याच कुणाला तरी द्या, भाव थोडा कमी मिळाला तरी. किंवा नवीन पुरवठादाराच्या अटींतच जुन्या बॅटऱ्या उचलून नेण्याचं काम घाला. तोपर्यंत त्या उभ्या ठेवा, आडव्या नको, खाली प्लास्टिकचे ट्रे आणि थोडा चुना पसरून ठेवा म्हणजे आम्ल गळालं तरी फरशीत जाणार नाही. खोलीला कुलूप, आणि अंगणवाडी त्याच इमारतीत असेल तर बॅटऱ्या आधी तिथून हलवा.

भीमाकाठ
अंगणवाडी शेजारच्याच खोलीत आहे. उद्याच हलवतो. ट्रे आणि चुना दोन्ही तालुक्याहून मागवलाय.

ऊसवाला
भीमाकाठ, हलवायला माझा टेम्पो घ्या. आन ग्रामसभेची तारीख कळवा, वस्तीवरून आम्ही सगळी येतो, बायामाणसं धरून.